कोपरापर्यंत खोल पिशवी

ता. ९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. काका म्हणाले की तुझा गुडघा आता बरा आहे, भूक चांगली लागते आणि माझं नाव निघालं की तू उठून आत जातेस. म्हणजे गुडघा खरंच बरा असणार. फोन वाजून वाजून गप्प होतो, पत्र मात्र घरात येऊन बसतं. तू ते दोन-चार दिवस उशीखाली ठेवशील आणि मग एका दुपारी चष्मा शोधायला लागशील. चष्मा कपाळावर असेल.

इकडे सगळं ठीक आहे. चष्म्याच्या दुकानात माझं काम तेच, मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. मालकांनी नवं मशीन आणलंय. ते इतकं ओरडतं की पुढच्या खोलीतलं गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं ओरडून वाचतं. तुझा जावई मजेत आहे. हल्ली घरी जास्त असतो, त्यामुळे घर आवरलेलं असतं. तुझ्या खोलीतल्या कुंड्यांना तोच पाणी घालतो. एक झाड गेलं. कुठलं ते आल्यावर बघ.

त्या रविवारी चर्चमध्ये आपल्या बाकावर जे झालं त्याविषयी मी इथं अवाक्षर काढणार नाही. मी तुझं भलंच केलं असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही बऱ्यापैकी वाटतं. तू अर्ध्या उपासनेतून उठलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं काकांकडे निघून गेलीस. ठीक आहे. विषय संपला.

लिहायचं कारण वेगळंच आहे. माझ्या डोक्यात एक भुंगा शिरलाय आणि तो तुझ्याशिवाय कुणाला काढता येणार नाही. यातलं निम्मं तुला माहीत आहे, पण मी पहिल्यापासून मांडते. मांडता मांडता माझं मलाही दिसेल.

गेल्या वर्षी चर्चच्या मंडळीनं मला खजिनदार केलं. ही बाई फार प्रश्न विचारते, तर निदान कमिटीत बसून विचारू दे, असा त्यांचा हिशेब असावा. मी पहिलाच प्रश्न काढला तो अर्पणाच्या पिशव्यांचा. तू शिवलेल्या त्या जांभळ्या पिशव्या, लाकडी दांडीला लावलेल्या, कोपरापर्यंत खोल. एकेकानं आत हात घालायचा, बाहेर काढायचा, मग फिरवणारा पिशवी पुढच्याकडे नेणार. अर्पणाचं गीत संपून जायचं तरी मागचे बाक बाकी असायचे, आणि पेटीवाल्या बाईंना शेवटचं कडवं पुन्हा पुन्हा वाजवावं लागायचं. तेवढ्यात एका कुटुंबानं आजोबांच्या आठवणीसाठी पितळी तबकं देऊ केली. मी म्हटलं, झकास. तबक हातोहात फिरतं, वेळ वाचतो, दिसतंही चकचकीत. पाळकसाहेब आपल्याकडे नवीन, त्यांनी मान डोलावली. पिशव्या कपाटात गेल्या. घरी मी तुला हे सांगितलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "तुला काय करायचंय लोकांच्या हातांशी?" मी म्हटलं, अगं, हातांशी नाही, वेळेशी. तू भाजी चिरत राहिलीस.

आता कोडं ऐक. तबकं आल्यापासून अर्पण वाढलंय. चांगलं डोळ्यांत भरण्याइतकं वाढलंय. मी आधी फुशारले. मग एका रविवारी सहज मागं वळून पाहिलं तर बाक रिकामे. तेही कुठलेही नाहीत. ठरावीक माणसं, ठरावीक जागांवरची, यायची बंद झालीत. त्यांचं थोडंफार येणं थांबलं म्हणजे अर्पण थोडंफार घटायला हवं. ते वाढलं कसं? कुठंतरी पाणी मुरतंय.

पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, तबक उघडं असतं, शेजारी बघतो, म्हणून लोक लाजेखातर जास्त टाकत असतील. असेल. पण लाजेखातर टाकलेलं देव जमेला धरतो का, असं विचारल्यावर ते नुसते हसले. त्यांच्या हसण्यानं माझं समाधान होत नाही हे अजून त्यांना कळायचंय.

मग मी घड्याळजींकडे गेले. शेवटच्या बाकावर भिंतीकडच्या टोकाला बसायचे ना, तेच. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात वाकले होते. मला बघूनही भिंग काढलं नाही.

"हल्ली दिसत नाही उपासनेला?"

"घरी करतो की. बायकोला एकटं ठेववत नाही."

"त्या आजारी तर आधीपासून आहेत. तेव्हा यायचात."

"यायचो," ते म्हणाले. चिमट्यानं एक चाक उचललं, ठेवलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पिशव्या टाकून दिल्या का हो?"

"नाही, कपाटात आहेत."

"हां. चांगल्या शिवलेल्या होत्या."

झालं. पुन्हा घड्याळात वाकले. आता मला सांग, आजारी बायको सोडून माणूस येत होता तो काय पिशव्यांसाठी? देव पिशवीत राहत होता आणि मी त्याला कपाटात कोंडला की काय?

आणि या नादात मला मूळ प्रश्नच पडलाय. आपण देतो कशासाठी? देवाला पैशाची नड नाही, हे उघड आहे. छपराला लागतात, दिव्यांना लागतात, पाळकसाहेबांच्या घरात लागतात. मान्य. मग वर्गणी म्हणावं. अर्पण का म्हणायचं आणि डोळे मिटून प्रार्थना कशाला करायची त्यावर? मागच्या उपदेशात पाळकसाहेब म्हणाले की देणं म्हणजे आपली पकड सुटणं, आणि ज्याची पकड सुटली त्याचाच हात देवाला धरता येतो. ऐकायला छान वाटलं. पण पकड सुटली हे माणसाला कळतं कसं? मी तर दर महिन्याला पगारातला ठरलेला भाग बाजूला काढते, काटेकोर. माझी पकड सुटलीय का? मला तर तो भाग पोचेपर्यंत चैन पडत नाही, आणि पोचल्यावर फार बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं मी आठवडाभर पुरवून पुरवून वापरते.

तू एवढी वर्षं त्या पिशव्या शिवल्यास, उसवल्या तर पुन्हा टाके घातलेस. तुला नक्की काहीतरी माहीत आहे. रागावलेली राहा, पण उत्तर दे.

काकांना नमस्कार. गुडघ्याला शेक देत राहा.

एकेकाळी तू जिला लाडानं हाक मारायचीस ती,
उचापत


ता. २३ ऑगस्ट

प्रिय आत्या,

पार्सल पोचलं. दोऱ्यानं इतकं घट्ट बांधलं होतंस की शेवटी कात्री घ्यावी लागली. आत जांभळी पिशवी बघून मी आधी चक्रावले. कपाटात तर सगळ्या आहेत. मग लक्षात आलं, ही पहिली, नमुन्याची, जिच्यावरून तू बाकीच्या बेतल्यास. आणि सोबत चिठ्ठी. मी एवढं पानभर लिहिलं आणि तू दोन ओळी: "विचारणं सोपं असतं. हात घालून बघ, कोपरापर्यंत."

मी हात घातला. काही नव्हतं आत. मला वाटलं, थट्टा केलीस.

पण तुला ठाऊक आहे, मी वस्तू हातात आली की सोडत नाही. दुकानात कुणाची मोडकी फ्रेम आली तरी ती कशी मोडली हे कळल्याशिवाय मी जोडायला घेत नाही. पिशवी दिव्याखाली घेऊन बसले. तोंडाशी कापडाचा मऊ पट्टा आहे, हातावर अलगद बसणारा. म्हणजे शेजारच्याला आतलं दिसू नये. आत अस्तर जाड, मऊ फलाटीनचं, तेही दुहेरी. नाण्याचा आवाज होऊ नये. इथवर ठीक. देणाऱ्याचं दिसू नये, वाजू नये. हे तर मी लहानपणापासून गृहीत धरलं होतं.

मग मी तोंडाचा आकार बघत राहिले. आत्या, ज्यात फक्त टाकायचं असतं त्याचं तोंड फटीएवढं असतं. टपालपेटी बघ, गल्ला बघ. नोट सरकली, नाणं पडलं की काम झालं. तुझ्या पिशवीचं तोंड एवढं मोठं का? मी मूठ मिटली, आत घातली, बाहेर काढली. मग मुठीत रुमालाचा बोळा धरून काढली. तरी आली, आरामात. ही पिशवी भरलेली मूठ बाहेर यावी अशी बेतलेली आहे.

आणि मला तुझं ते ऐकू आलं, आम्हा सगळ्या पोरांना पायरीवर उभं करून घोकून घेतलेलं: मूठ मिटून आत, मूठ मिटून बाहेर. मला तेव्हाही प्रश्न पडला होता. आत मिटलेली, हे कळतं, पण पैसे टाकल्यावर रिकामा हात मिटून बाहेर का आणायचा? तू म्हणाली होतीस, "तशी रीत आहे." मी ती शिस्त समजले. देणारे मूठ मिटून बाहेर काढतात ते घेणाऱ्यांसाठी. सगळ्यांच्याच मुठी मिटलेल्या असल्या की कुणाची भरलेली हे कळत नाही.

म्हणून अर्पण वाढलं. लोक जास्त द्यायला लागले नव्हते. घेणं बंद झालं होतं. तबकातून कोण उचलणार, सगळ्यांच्या देखत? घड्याळजी चार घरं सोडून कुणाकडे उसने मागायला जाणारे नव्हेत. ते उपासनेला यायचे, गीत म्हणायचे, आणि औषधापुरतं नेत असतील. किंवा ज्या आठवड्यात जमलं त्या आठवड्यात टाकत असतील. मला माहीत नाही आणि तेच तर त्या पिशवीचं काम होतं. मी माझ्या हुशारीनं त्यांचं दार बंद केलं आणि वर त्यांनाच विचारायला गेले, का येत नाही म्हणून. त्यांनी भिंग का काढलं नाही ते आता कळतंय.

आत्या, आता त्या रविवारचं लिहिते. लिहिणार नव्हते.

तबक आपल्या बाकावर आलं. तू ते घेतलंस आणि तसंच माझ्याकडे सरकवलंस. तुझा हात रिकामा होता. मी पाहिलं. पलीकडच्या बाईनंही पाहिलं, आणि तिनं पाहिलं हे मी पाहिलं. मला तुझी लाज वाटू नये असं वाटलं, म्हणजे मला नक्की काय वाटलं कोण जाणे. मी पर्स उघडली, होतं ते सगळं काढलं, तबकात ठेवलं आणि त्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचं दोघींचं."

तू उठलीस.

मला वाटत राहिलं, मी एवढ्या मोठ्या मनानं दिलं आणि आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आता त्या वाक्याकडे बघवत नाही. ते पैसे मी देवाला दिलेच नाहीत. ते माझ्याच नावानं तिथं पडून होते, आणि त्यांच्यावर तुझं नाव मी उपकारासारखं चिकटवलं. जिनं सगळ्या मंडळीच्या मुठी झाकायला पिशव्या शिवल्या, तिचीच मूठ मी चारचौघांत उघडी केली. मला फार वाईट वाटतंय, आत्या. हे लिहिताना पेन थांबवून दोनदा उठले.

आणि अजून एक, जे मी मागच्या पत्रात गोड करून लिहिलं. तुझा जावई घरी जास्त असतो, कारण छापखाना बंद झालाय. तू जायच्या आधीच झाला होता. आम्ही तुला सांगितलं नाही, तू तुझी पेन्शन काढून आमच्या हातावर ठेवशील या भीतीनं. त्या दिवशी मी पर्समधून काढलं त्यात दोघींपुरतं नव्हतं, एकीपुरतंही नव्हतं. ते विजेच्या बिलाचं होतं. तर अशी मी देणारी! तूही घरी बसून हसशील तर मला बरं वाटेल.

तो रोज सकाळी दाढी करून बाहेर पडतो, चौकशी करून दुपारी येतो. बोलत नाही फार. पूर्वी सारखा गुणगुणायचा, ते बंद झालंय. रविवारी मात्र नेमानं तबक फिरवायला उभा राहतो. बुटांना पॉलिश करून.

पुढं काय करायचं ते मला कळतंय. कसं करायचं ते कळत नाहीये.

तुझी,
उचापत


ता. ११ सप्टेंबर

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम. तू उत्तर दिलं नाहीस, पण काका म्हणाले की माझं पत्र आता उशीखालून टेबलावर आलंय. मी तेवढ्यावर हुरळून गेले आहे.

कमिटीची मिटिंग झाली. तुला माझी फजिती ऐकायची असेल तर नीट बस. मी म्हटलं, तबकं काढून पिशव्या परत आणू. सगळे माझ्याकडे बघायला लागले. का? आता का ते कसं सांगू? सांगितलं की ती रीत मेलीच. म्हणून मी म्हटलं, तबकांवर बोटांचे डाग पडतात, घासायला फार वेळ जातो. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्हीच तर वेळ वाचवायला तबकं आणलीत." मी म्हटलं, हो. दुसरे म्हणाले, "अर्पण कमी होईल." मी म्हटलं, होईल. "मग खजिनदार म्हणून तुमचं म्हणणं काय?" मी म्हटलं, "कमी व्हावं असंच आहे."

पाळकसाहेब माझ्याकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पिशव्या आणा." बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना गाठून म्हटलं, साहेब, खरं कारण तुम्हाला एकट्याला सांगते. त्यांनी हात वर केला. "नका सांगू. मला थोडं थोडं दिसायला लागलंय, आणि मला पूर्ण दिसलं तर मीही बघत बसेन." माणूस बरा आहे, आत्या. मी त्यांना आता हसण्यावरून बोलणार नाही. तबकं वेदीजवळ फुलं ठेवायला घेतली, त्यामुळे आजोबांचं कुटुंबही खूश आहे.

कपाटातल्या पिशव्यांना कसर लागली होती. तुझ्या नमुन्यावरून दोन नव्या मी शिवल्या. टाके असे पडलेत की तू बघशील तर कपाळाला हात लावशील. फलाटीन मात्र दुहेरी घातलंय.

घड्याळजींना सांगायचं कसं, हा पेच होता. शेवटी माझं जुनं घड्याळ दुरुस्तीला घेऊन गेले आणि पट्टा बदलता बदलता म्हटलं, "पिशव्या काढल्या हो पुन्हा. या रविवारपासून." ते "बरं" म्हणाले. पट्टा बसवून झाल्यावर डोळ्याचं भिंग काढलं आणि माझ्याकडे नीट बघून पुन्हा एकदा म्हणाले, "बरं."

आता रविवारचं सांगते. 

अर्पणाचं गीत सुरू झालं. तुझा जावई दांडी धरून बाकाबाकाशी थांबत येत होता. फिरवणाऱ्यानं पिशवी पुढं केली की खिडकीकडे बघायचं, ही रीतसुद्धा मला आत्ता दिसली. एवढी वर्षं मला वाटायचं, या सगळ्यांना खिडकीबाहेर एवढं काय दिसतं! मागून बाक कुरकुरल्याचा आवाज आला. भिंतीकडचं टोक. मी वळून पाहिलं नाही. माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं असेल ते तूच जाणतेस.

पिशवी माझ्यापुढं आली. माझ्या मुठीत काही नव्हतं. घरी विजेची शेवटची नोटीस आली होती, आणि पगार व्हायला अजून अवकाश होता. मी काय करणार हे मला तोपर्यंत खरंच ठरवता आलं नव्हतं. मूठ मिटून आत घातली. कोपरापर्यंत. आत ऊब होती, इतक्या हातांची. बोटांना नोटा लागल्या, नाणी लागली, आणि माझ्या मनात सवयीनं पहिला प्रश्न आला: हे कुणाचं? आणि कळेना. कितीही चाचपडलं तरी कळणार नव्हतं. त्या एका क्षणात मला माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं, आत्या. आपण देवाला देतो म्हणजे काय, हे मला देताना कधीच कळलं नव्हतं. ज्यानं ते टाकलं होतं त्यानं ते खरंच सोडलं होतं. त्यावर कुणाचं नाव उरलं नव्हतं, म्हणून ते देवाचं झालं होतं, म्हणून मला ते घेता आलं, आणि घेऊनही मी कुणाची मिंधी झाले नाही. मी नडीपुरतं घेतलं. मूठ मिटून बाहेर काढली. तुझा जावई खिडकीकडे बघत होता.

मी रडले थोडी. गीत मोठ्यानं चाललं होतं, म्हणून बरं.

घरी आल्यावर मला लपवता येईना. मी नोटा टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, "मी पिशवीतून घेतले."

तो बघतच राहिला. "कधी?"

"तूच तर पिशवी धरली होतीस."

"मला कळलं नाही."

"तू खिडकीकडे बघत होतास."

"ते माझं कामच आहे," तो म्हणाला, आणि एकदम खुर्चीत बसून हसायला लागला. छापखाना बंद झाल्यापासून तो असा हसला नव्हता. मी घाबरलेच. हसता हसता म्हणाला, "अगं, मी टाकले."

"काय टाकलेस?"

त्यानं मला सांगितलं नव्हतं. आठवडाभर तो एका गोदामात रोजानं खोकी उचलत होता. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि तिथं शर्ट खिळ्याला टांगून ठेवायचा. शनिवारी मजुरी मिळाली, त्यातला एक भाग उपासनेआधी त्यानं पिशवीत टाकला होता, कपाटापाशी, कुणी नसताना.

"घरात वीज तुटायची वेळ आणि तू देऊन आलास?" मी ओरडलेच.

"बाकीचे आहेत ना खिशात. ते आज तुला देणारच होतो." मग हसू ओसरलं आणि तो हळू आवाजात म्हणाला, "ऐक. इतके दिवस जिथं जातो तिथं मी मागणारा. काम द्या, ओळख द्या, कुठंतरी लावून द्या. मला वाटायला लागलं होतं की आपण आता एवढेच. ती मूठ आत घातली तेव्हा मी देणारा होतो. देवानं माझ्या हातून काहीतरी घेतलं. माझ्याकडे घेण्यासारखं आहे, असं त्याला वाटलं."

मी त्याच्या तळहातांकडे बघत राहिले. खोक्यांच्या दोऱ्यांनी सोलवटले होते.

"म्हणजे," तो म्हणाला, "माझ्याच मजुरीतून तू आपलंच बिल भरणार."

"कशावरून तुझे? घड्याळजींचे असतील."

"नाहीतर त्या तबकंवाल्या कुटुंबाचे."

आम्ही नोटा उलटसुलट करून बघितल्या, अगदी पोरांसारख्या. काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी बिल भरून आलो. येताना तो गुणगुणत होता.

आता शेवटचं. आत्या, मला खूप काही विचारायचंय. त्या रविवारी तुझा हात रिकामा का होता? पेन्शन तर आठवड्यापूर्वीच झाली होती, ती कुणाकडे गेली? की तू टाकायला आलीच नव्हतीस, तुलाच काही हवं होतं, आणि पिशवीच्या जागी माझं चकचकीत तबक समोर आलं? आणि मी शाळेत असताना ज्या वर्षी पडद्यांचं दुकान बंद पडून तुझी शिलाई थांबली होती, त्या वर्षी माझ्या पायांत नवे बूट कुठून आले? ते बूट मला लख्ख आठवतात. तपकिरी, नाडीचे. तू रविवारी दुपारी घेऊन आली होतीस.

तर हे सगळं मला विचारायचंय, आणि मी विचारत नाही. हे प्रश्न मी लिहिले ते तुला दाखवायला की माझ्या मुठीत काय काय होतं, आणि आता मी ती सोडते. उत्तर देऊ नकोस. आयुष्यात पहिल्यांदा मला ते नकोय. माझ्याकडे तुला देण्यासारखं सध्या दुसरं काही नाही, हेच आहे.

तू ये. पुढच्या रविवारी ये, नाहीतर त्याच्या पुढच्या. माझे टाके उसवून पुन्हा घाल. मेलेल्या झाडाच्या कुंडीत तुझ्या जावयानं नवं रोप लावलंय, ते कसलं ते त्यालाही माहीत नाही. बाकावर तुझी जागा मी पर्स ठेवून धरते, आणि पलीकडच्या बाईला अलीकडे बसू देत नाही.

पिशवी आधी तुझ्याकडे येईल. तू हवा तेवढा वेळ घे, गीत पुन्हा वाजवायला सांगू. मी खिडकीकडे बघत असेन.

काही न विचारणारी, तुझी
उचापत